पायरीवर काढलेल्या चपला

"काकू, पाणीपुरीची गाडी टाकताय का?" त्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीतल्या निदान अर्ध्या बायकांनी मला हे विचारलं. उरलेल्या अर्ध्यांनी विचारलं नाही, कारण त्यांनी तसं धरूनच टाकलं होतं.

झालं होतं असं की आमच्या ह्यांनी नाशकातल्या अंबडच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. घेतली म्हणजे घ्यावी लागली. टूलरूममध्ये कॉम्प्युटरवरची यंत्रं आली आणि हातानं डाय, म्हणजे साचे, बसवणारे जुने फिटर नकोसे झाले. मग हा माणूस सातपूरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसला तो बसलाच. पहाटे पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचं, दाढी करायची, आणि जाऊन खुर्चीत बसायचं. बोलणं नाही, चिडणं नाही. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी सकाळी शाळेत जाताना ते खुर्चीत, दुपारी परत येते तरी खुर्चीत. वर्गात चाळीस पोरं गप्प बसवायची सवय असलेल्या बाईला घरातलं एक माणूस बोलतं करता येईना, याचा मला फार त्रास व्हायचा.

मग एके दिवशी मुलं ने-आण करणारी एक जुनी मॅटॅडोर घेऊन ते दारात हजर झाले. पिवळी, गंजलेली, मागं 'विद्यार्थी वाहतूक' लिहिलेली. मला म्हणाले, "शैला, हिचं घर करायचं."

टीव्हीवर त्यांनी कुठल्यातरी देशातलं एक म्हातारं जोडपं बघितलं होतं. घर विकून गाडीत राहणारं, आज समुद्राकाठी तर उद्या डोंगरात. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळत होता. मी पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणार, मग फ्लॅट भाड्यानं द्यायचा आणि निघायचं, असा बेत. एप्रिल-मेच्या उन्हात पार्किंगमध्ये त्यांनी त्या गाडीत पलंग केला, ओटा केला, भांड्यांची फळी केली, पाण्याची टाकी बसवली. बाहेरून बदामी रंग दिला, त्याखालून जुना पिवळा डोकावत राहिला ते सोडा. आणि बोलायला लागले हो! जेवताना, अंघोळीला जाताना, झोपेत सुद्धा बिजागऱ्या आणि स्क्रू. मी कौतुकानं ऐकायचे, पण हो काही म्हणायचे नाही.

कारण मला घर सोडायचं नव्हतं. माझं लहानपण इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं, आणि क्वार्टर कधी आपलं नसतं. लग्नानंतर भाड्याच्या खोल्या झाल्या. हा फ्लॅट झाला तेव्हा पहिल्या रात्री मी फरशीवर नुसता हात फिरवत बसले होते. ती फरशी दुसऱ्याच्या पायाखाली देऊन मी कुठं जाऊ? पण नाही म्हटलं तर हा माणूस पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार, हेही मला दिसत होतं.

शेवटी आमचा करार झाला. पावसात थोडे दिवस गाडीत राहून बघायचं. पावसात जमलं तर कुठंही जमेल. परत घरी पोचेपर्यंत त्यांनी मला विचारायचं नाही, मी सांगायचं नाही. पोचल्यावर मी हो म्हटलं तर पुढची तयारी. नाही म्हटलं तर गाडी कोपऱ्यावरच्या पावभाजीवाल्या सुनीलला द्यायची आणि विषय बंद. सुनीलला ती गाडी हवीच होती. तो लगेच म्हणाला, "रविवारी संध्याकाळी येतो मी, काकू." जसं काही माझं उत्तर त्याला आधीच कळलं होतं.

इगतपुरी

२००२ साली पंधरा ऑगस्ट गुरुवारी आला होता. शाळेतलं झेंडावंदन उरकलं, पुढच्या दोन दिवसांची रजा टाकलेली होती, आणि दुपारी आम्ही निघालो. त्या वर्षी जुलैभर पावसानं डोळे पांढरे करायला लावले होते आणि आता ऑगस्टात सगळी कसर भरून काढत होता. तरी नाशकात नुसती भुरभुर. वाडीवऱ्हे ओलांडलं आणि वरून कोणी हंडा उपडा करावा तसा कोसळायला लागला.

हे सिन्नरकडचे. त्यांच्या गावात ढग आला तर माणसं ओसरीवर येऊन बघतात. त्यामुळं पाऊस दिसला की ह्यांना हरखून जायला होतं. "काय पाऊस आहे शैला! काय पाऊस आहे!" मी म्हटलं, "समोर बघून चालवा." मी या पावसात वाढलेय. चार-चार महिने ऊन नाही, शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर कपडे वाळवायचे, कोपऱ्यातल्या चपलांवर हिरवी बुरशी. लग्नाचं बघायला लागले तेव्हा मी वडिलांना साफ सांगितलं होतं, मला कोरड्या गावचा नवरा बघा. वडिलांनी बघितला. आणि आता तो कोरड्या गावचा नवरा मला हौसेनं परत याच पावसात घेऊन चालला होता. काय बोलणार!

रस्त्यात एक गंमत व्हायची. आमची गाडी बघून माणसं हात दाखवायची. झाडाखाली, पानटपरीच्या आडोशाला थांबलेली माणसं गाडी आली की पुढं सरसावायची. "घोटी? घोटी?" जुना पिवळा रंग बघून त्यांना ती प्रवासी वाहतुकीची वाटायची. हे प्रत्येकाला खिडकीतून हात हलवून नाही म्हणायचे आणि वाईट तोंड करायचे.

इगतपुरीला स्टेशनाच्या अलीकडं एका मोकळ्या जागेत गाडी लावली. गरम वडापाव खाल्ला, आल्याचा चहा प्यायलो. इथवर झकास. मग पलंग उघडायची वेळ आली.

हा पलंग म्हणजे ह्यांचा मानबिंदू. दिवसा बाक, ओढला की पलंग. कारखान्यात आयुष्यभर पोलादाचे तुकडे केसाएवढं अंतर ठेवून बसवलेला माणूस, त्यानं लाकूडही तसंच बसवलं होतं. मे महिन्यात तो पलंग लोण्यातून सुरी जावी तसा सरकायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. आता ओढला, तर अर्ध्यात अडकला. पुढं येईना, मागं जाईना. पाय लावून ओढला, दोघांनी मिळून ओढला. ढिम्म.

"असं कसं झालं?" हे चक्रावले. "मापात कुठं चूक नाही."

"अहो, लाकूड आहे ते! पावसात फुगतं. आमच्या क्वार्टरची दारं जूनला अडकायची ती दिवाळीला सुटायची."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला हसूच फुटलं. इतकी वर्षं संसार केला, पण लाकूड फुगतं ही बातमी सिन्नरपर्यंत पोचलेली नव्हती. हसले खरी, पण रात्र काही हसण्यासारखी गेली नाही. अर्ध्या पलंगावर मी, आणि हे पुढच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन. सकाळी उठले तर मान अवघडलेली, टॉवेल ओले, जमिनीवर चपलांनी आणलेला चिखल, आणि तोच ओलाव्याचा वास, माझ्या लहानपणातला. मी मनाशी ठरवून टाकलं. रविवारी सुनीलला गाडी द्यायची. सुनीलची पावभाजी तरी बरी असते.

हे मात्र कानस घेऊन पलंगाच्या कडा घासत बसले होते. घासता घासता शीळ घालत होते.

वैतरणेकडं

शुक्रवारी घोटीवरून वैतरणेच्या रस्त्याला लागलो. या रस्त्याबद्दल कितीही सांगितलं तरी थोडंच. दोन्ही बाजूंना भातखाचरं, आणि पाऊस उशिरा आल्यामुळं आवण्या अजून चाललेल्या. गुडघाभर पाण्यात ओणवी बायामाणसं, पाठीवर प्लॅस्टिकच्या खोळी, हातात रोपांच्या जुड्या. डोंगरावरून इतके ओहोळ उतरत होते की नावं द्यायची तर माणसं पुरणार नाहीत. धरणाचं पाणी मधूनच धुक्यातून दिसायचं आणि पुन्हा जायचं. मला चिडायचं होतं, पण त्या हिरव्यापुढं चिडणं टिकेना.

एका फाट्यावर एक म्हातारा-म्हातारी उभी होती. अंगावर खताच्या गोणीच्या खोळी, म्हातारीच्या हातात फडकं बांधलेला डबा. त्यांनी हात दाखवला. ह्यांनी आदल्या दिवसापासून इतक्यांना नाही म्हटलं होतं, पण यावेळी पाय आपोआप ब्रेकवर गेला. मी मागचं दार सरकवलं.

म्हातारीनं पायरीवर एक पाय ठेवला, आत बघितलं आणि थबकली. आत स्टोव्ह होता, दोरीवर माझी ओली साडी होती, फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती होती. तिनं पाय मागं घेतला.

"अहो, या ना. भिजताय कशाला?" मी म्हटलं.

"बाई, ही शीटाची गाडी नाय का?"

"नाही. पण सोडतो तुम्हाला. या."

तिनं वाकून पायातल्या प्लॅस्टिकच्या चपला काढल्या. मागं वळून नवऱ्याला म्हणाली, "काढा वो पायतानं. घर हाय ह्ये." म्हाताऱ्यानंही काढली. दोघांनी आपापल्या चपला दारातल्या कोपऱ्यात नीट लावून ठेवल्या आणि अनवाणी पायांनी आत येऊन खाली बसली. मी पलंगावर चिखलाच्या चपला घालून बसलेली. मी हळूच पाय मागं ओढले.

हिराबाई आणि कोंडाजी अशी त्यांची नावं. पुढच्या एका पाड्यावर दिलेल्या लेकीला मुलगी झाली होती, ती बघायला निघाले होते. डब्यात काय आहे ते मला लवकरच कळलं. एका खड्ड्यात गाडी आपटली, झाकण उडालं, आणि खेकडे! एक थेट माझ्या दिशेनं. मी पलंगावर उभी राहून अशी किंचाळले की ह्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. कोंडाजींनी बाकीचे पटापट डब्यात टाकले, एक पलंगाखाली घुसला. सकाळी घासलेला पलंग आता सहज सरकला, म्हणून तो सापडला. ह्यांच्या चेहऱ्यावर काय समाधान! जणू पलंग त्यासाठीच केला होता.

लेकीच्या घरी पोचलो, तर आम्हाला तसंच परत जाऊ देतात कशाला. गाडी अंगणात लावायला लावली. आमच्याकडं पाहुणा आला की त्याला सोफ्यावर बसवून ठेवायचं, तो अवघडून बसतो. इथं माझ्यापुढं लसणाची वाटी सरकवली आणि मी सोलायला बसले. पाचच मिनिटांत परकेपणा गेला. खेकड्यांचं झणझणीत कालवण, नागलीची भाकरी, इंद्रायणीचा वाफाळता भात. हे घामाघूम होऊन जेवत होते, डोळ्यांतून पाणी, आणि तरी वाढून घेत होते.

हिराबाई म्हणाली, दिवाळी झाली की तीही नवऱ्याबरोबर नाशकाकडं द्राक्षाच्या मळ्यांवर कामाला येते, आणि मग कित्येक महिने पालातच राहणं. मी विचारलं, "घराची आठवण नाही येत?"

"येती का. लय येती." ती भाकरी थापत म्हणाली. "पर पालात बी नीट ऱ्हायाचं. चपला भायेर काढायच्या. न्हायतर चिखल भाकरीत येतो ना बाई."

मी तिच्याकडून काहीतरी मोठं ऐकायच्या तयारीत होते, आणि तिनं चिखलाचं सांगितलं. पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं. मी दोन दिवस त्या गाडीत पायताण घालून वावरत होते, आणि वर चिखल झाला म्हणून कुरकुरत होते. स्वतःच्या फ्लॅटमध्ये कोणी असं आलं असतं तर मी त्याला उभं सोललं असतं.

हरसूलच्या वाटेवर

शनिवारी सकाळी निघताना हिराबाईनं बाळंतिणीसाठी केलेले दोन लाडू माझ्या हातात कोंबले. पुढं त्र्यंबक बाजूला ठेवून आम्ही हरसूलच्या दिशेनं वळलो. रस्ता चढत गेला तसं धुकं दाट होत गेलं, आणि एका सपाट माळावर हे म्हणाले, "इथं थांबू या का?" थांबलो.

तिथं पावसानं जरा दम खाल्ला. मी पदर खोचला, बादलीभर ओहोळाचं पाणी आणलं आणि गाडीची जमीन स्वच्छ पुसून काढली. कोपरे, पलंगाखाली, ओट्याच्या मागं. जुना गोधडीचा तुकडा पायपुसणं म्हणून टाकला. दोरी खिडकीपासून फळीपर्यंत बांधली म्हणजे ओले कपडे तोंडाला लागत नाहीत, हे माझं मलाच सुचलं. हे बाहेर उभे राहून बघत होते. काही म्हणणार होते, पण करार आठवून गप्प बसले.

दुपारी करटुल्यांची भाजी केली, वाटेत एका बाईकडून घेतलेली. पत्र्यावर पाऊस वाजत होता, आम्ही दोघं मांडी घालून जेवत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की मला या पावसाचा राग येत नाहीये. लहानपणीच्या पावसात जायला जागा नव्हती. इथं कंटाळा आला तर चावी फिरवायची. किती साधी गोष्ट, आणि मला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. पण मी बोलले नाही. करार म्हणजे करार. शिवाय नवऱ्याला थोडं लटकवून ठेवण्यात मजा असते, ती मी का सोडू?

त्र्यंबक

रविवारी सकाळी त्याच माळावर मी पाणी भरून आले, स्टोव्ह पेटवला, पोहे केले. हेही टायर बघून आत आले. पोहे खाल्ले, चहा झाला. तेवढ्यात असा वारा सुटला की पाऊस आडवा आत यायला लागला. ह्यांनी आतूनच दार ओढून घेतलं, दोन सीटांच्या मधून पुढं गेले आणि गाडी चालू केली. मी पलंगावर उशीला टेकून आरामात खिडकीतून बघत होते. राणीसारखी!

त्र्यंबकला श्रावणातल्या रविवारची गर्दी. म्हटलं चिवडा आणि पेढे घेऊ. दार उघडलं, पाय खाली टाकला, तर चपला नाहीत. पलंगाखाली बघितलं, ओट्याखाली बघितलं.

"अहो, माझ्या चपला बघितल्यात का?"

"कुठं काढल्या होत्यास?"

"दारात."

"कुठल्या दारात?"

तेव्हा कुठं मला आठवलं. माळावर गाडीच्या दाराशी पायरीसारखा एक सपाट दगड होता, त्यावर मी चपला काढल्या होत्या. रोज घरी काढते तशा. घर होतं तिथंच राहील, या हिशेबानं. आणि आमचं घर चपला सोडून निघून आलं होतं.

हे हसायला लागले. मी चिडणार तेवढ्यात माझी नजर त्यांच्या पायांकडं गेली. तेही अनवाणी! त्यांनीही आत येताना माझ्या चपलांशेजारी आपल्या काढल्या होत्या. मग मी जी हसत सुटले ती पायरीवर बसकणच मारली. तिकडं हरसूलच्या माळावर, धुक्यात, एका दगडावर आमच्या दोघांच्या चपला शेजारी शेजारी ठेवलेल्या. कोणी बघितल्या तर म्हणेल, माणसं घरातच दिसतायत.

"परत जायचं का आणायला?" ह्यांनी विचारलं.

"राहू द्या."

"नवीन घेऊ या इथं?"

"कशाला? सातपूर काय लांब राहिलंय?"

त्र्यंबकला अनवाणी माणसाकडं कोणी वळून बघत नाही, तिथं श्रावणात डोंगराच्या फेरीला आलेले निम्मे लोक तसेच असतात. आम्ही अनवाणीच बाजार केला. चिखल बोटांतून वर यायचा आणि मला गुदगुल्या व्हायच्या. परत आल्यावर दोघांनी बादलीत पाय धुतले, गोधडीच्या तुकड्याला पुसले, मगच आत गेलो. ह्यांनी गाडी चालू करण्याआधी एकदा मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

सातपूर

त्र्यंबकहून सातपूरपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. मला त्यांची मान दिसत होती, ताठ. कारखान्याच्या शेवटच्या दिवशी घरी आले होते तेव्हा होती तशी. करार गेला चुलीत, सांगून टाकावं असं वाटलं. तोवर सोसायटीचं फाटक आलंच.

सुनील छत्री घेऊन उभाच होता. बरोबर त्याचा मेहुणा, हातात मोजायची टेप. गाडी थांबते न थांबते तो सुनीलनं मागचं दार सरकवलं. "या काकू! कसा झाला प्रवास? मेहुण्याला म्हटलं, तव्याची जागा मोजून घेऊ," म्हणत त्यानं चिखलानं भरलेला सँडलचा पाय उचलून थेट पायरीवर ठेवला.

"ए सुनील! आधी ते सँडल काढ खाली," मी ओरडले. वर्गातला आवाज निघाला माझा. "घर आहे हे."

सुनीलचा पाय तसाच राहिला. त्यानं खाली बघितलं, आतली पुसलेली जमीन बघितली, मग माझे अनवाणी पाय. मेहुण्यानं टेप खिशात टाकली.

"म्हणजे काकू, गाडी देणार नाही तुम्ही?"

"चहा देते. पाय पुसून आत ये."

हे पुढच्या दारानं उतरून तिथंच उभे होते, हातात चावी. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी एकदा चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "मी दूध घेऊन येतो." आणि त्या चिखलातून अनवाणीच डेअरीच्या दिशेनं चालू लागले.

दूध होतं. दुपारीच त्र्यंबकला घेतलेलं, पातेल्यात, चांगलं होतं. पण मी त्यांना हाक मारली नाही.